शेवटचे वीस टक्के

“ऐंशी टक्के झाले की काढा साहेब. शंभरच्या नादी लागू नका,” काका म्हणाले.

“का हो? गाडीला अर्धपोटी पाठवता?”

“बॅटरीचं माणसासारखंच आहे. पहिले घास भराभर जातात, पोट भरत आलं की हात मंदावतो. शेवटच्या वीस टक्क्यांत निम्मा वेळ जातो.”

साहेब हसला आणि ऐंशीला वायर काढून गेला. चार्जिंग स्टेशनवरचे काका हे शहाणपण दिवसातून वीसदा फुकट वाटत. थंडीत वर पुरवणीही असे. गारठलेली बॅटरी हळू भरते, तेव्हा घरून उठून थेट येऊ नका, गाडी जरा पळवून या. एक आणि दोन नंबरच्या वायरी एकाच मशीनच्या, शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते, म्हणून तीन नंबर धरा. हे ते येईल त्याला सांगत. फक्त गुरुवारच्या सिस्टरना सोडून.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मागच्याच गल्लीतून सकाळी येत, गाडी गार, लावायची ती एक नंबरला, आणि शंभर झाल्याशिवाय हलायचं नाही. “अर्धवट काम मला जमत नाही,” म्हणत. मग थर्मास निघे, दोन कप निघत आणि काकांच्या खोलीत तास-दीड तास गप्पा चालत. त्या मोठ्या डॉक्टरांच्या अशा नकला करत की काकांना ठसका लागे. बायको गेल्यापासून काकांच्या घरात आवाज करणारा एक कुकरच उरला होता. गुरुवार हा त्यांचा एकच वार होता, बाकीचे सहा नुसते उलटायचे.

त्या गुरुवारी आकडा ब्याऐंशीवर रेंगाळला होता. सिस्टरनी कप तसाच खाली ठेवला.

“दादा, माझी गाडी आजारी आहे का हो? किती हळू भरते.”

“थंडी आहे ना ताई.” हे खोटं नव्हतं.

“भावाच्या वृद्धाश्रमात बारापर्यंतच भेटू देतात. गेल्या वेळी जेमतेम दहा मिनिटं मिळाली. मी कोण ते आठवायलाच त्याला पाव तास लागतो हल्ली. महिना झाला, मी अनोळखी बाई म्हणूनच परत येतेय.”

त्या भावाकडे जातात एवढं काकांना माहीत होतं. बाराचं माहीत नव्हतं. घड्याळात अकरा वाजले होते, वाट अर्ध्या तासाची. गप्प बसलं तर आणखी पाऊण तास काकांचाच होता.

“आत्ता काढा ताई,” काका उठले. “ऐंशीच्या पुढे अशीच रखडते. आणि सकाळी इथे येऊच नका. आधी भावाकडे जा, परतताना या. गाडी गरम असेल. तीन नंबरला लावा, वीस मिनिटांत मोकळ्या व्हाल.”

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाही?”

काकांच्या तोंडाशी दहा सबबी आल्या.

“तुम्ही लवकर गेला असता,” ते म्हणाले.

सिस्टरनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि वायर काढून गेल्या. दिवसभर काकांचं मन त्यांना खात राहिलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्या आल्या नाहीत. आल्या त्या दुपारी एकला, परतताना. गाडी तीन नंबरला लावली आणि बाहेरच उभ्या राहिल्या. काकांनी खोलीतली दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती, पण ‘या’ म्हणायचा धीर झाला नाही. आकडा भराभर चढला. ऐंशीला सिस्टरनी स्वतःच वायर काढून काकांच्या हातात दिली.

“आज त्याने मला हाक मारली. लहानपणीची.”

“बरं झालं ताई.”

“चहा नाही आणला. थर्मास घरी राहिला.”

“असू दे.”

गाडी वळली तेव्हा मागच्या सीटवरचा थर्मास काकांना दिसला. ते वायर गुंडाळत तिथेच उभे राहिले. ती अजून कोमट होती.