हिवाळ्यात पूल बंद असतो

त्या गावात भांडायचं असेल तर आधी वारा पाहावा लागे.

गाव म्हणजे एका खोल घळीच्या दोन काठांवरच्या दोन वस्त्या, एक वरची आणि एक जराशी खालची, मधे लाकडी पूल. सकाळी थंड वारा डोंगरावरून खाली उतरे, तेव्हा वरच्यांचं बोलणं खालच्यांना शेजारी बसल्यासारखं ऐकू जाई. दुपारी ऊन घळीत पोचलं की तोच वारा उलटा वर चढे आणि बोलायची पाळी खालच्यांची येई. वाऱ्याविरुद्ध ओरडून उपयोग नसे, नुसता घसा बसे. त्यामुळे हिवाळ्यात पुलावर बर्फ साचला की सकाळी वरून प्रश्न आणि दुपारी खालून उत्तर, असा सगळा कारभार चाले. 'पिठात पाणी किती घालायचं?' असं विचारून माणसं दुपारपर्यंत भाकरीची वाट पाहत बसत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात फारसं काही घडलेलंच नाही. दोन भाऊ शेळ्या घेऊन पलीकडच्या सुपीक खोऱ्याकडे निघाले होते. वाटेत दमले आणि इथे टेकले. सकाळी उठून पाहतात तर चहूकडे दगड आणि बर्फ! "इथे थांबायची अक्कल कुणाची?" यावरून जी जुंपली ती जुंपलीच. धाकटा तणतणत घळीवरचा जुना लाकडी पूल ओलांडून पलीकडे गेला. थोरला सकाळी शिवी हासडी. धाकट्याला ती दुपारपर्यंत पोटात ठेवावी लागे, आणि तेवढ्या वेळात तो आपल्या शिवीला अशी काही धार लावी की थोरल्याची रात्रीची झोप उडे. पुढे पुलावर बर्फ साचला, तेव्हा जो आधी फावडं उचलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी ठरवलं. कुणीच उचललं नाही. कालांतराने भाऊ गेले, भांडण विरलं, भांडणाचं कारणही लोक विसरले. हिवाळ्यात पूल बंद असतो, एवढं मात्र शिल्लक राहिलं.

हे सांगायला गावात खास माणूस होता. त्याला पूलवाले आजोबा म्हणत. हिवाळाभर ते पुलाच्या वरच्या तोंडाशी शेकोटी पेटवून बसत आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत, "पूल बंद आहे."

वरच्या वस्तीत एक सुतार राहायचा. चाळिशी उलटलेली, हातात कसब, पण तोंडाला कुलूप. घरात थोरली बहीण होती, तिच्या तोंडाला मात्र कडीसुद्धा नव्हती. खालच्या वस्तीत एक विणकरीण एकटी राहायची. दरवर्षी बर्फ पडायच्या आधी सुतार तिचा हातमाग दुरुस्त करायला जाई, आणि दरवर्षी मागाचा एक पाय मुद्दाम बोटभर आखूड ठेवून येई, म्हणजे माग डुगडुगेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं येईल. इतकी वर्षं त्याचं प्रेम त्या एका आखूड पायावर उभं होतं.

एका दुपारी वाऱ्यावरून विणकरणीचा आवाज वर आला. "ऐका हो! बर्फ वितळला की मी कायमची निघाले, शहरात, भावाकडे! कुणाला शाल हवी असेल तर उद्या सकाळीच सांगा!"

सुताराच्या हातातला रंधा तिथेच थांबला.

"शाल सांगू का तुझ्यासाठी?" ताईने विचारलं.

"पूल उघडला की जाऊन बोलेन तिच्याशी."

"पूल उघडला की ती त्याच पुलावरून सामान घेऊन निघेल. तू काय, गाडा ढकलता ढकलता विचारणार?"

"सगळं गाव ऐकेल गं, ताई."

"ऐकू दे. गावाला तरी हिवाळ्यात दुसरं काय काम आहे?"

रात्रभर सुतार कूस बदलत राहिला. सकाळी वारा उतरायला लागल्यावर तो कड्यावरच्या दगडावर चढला. त्याला तिथे पाहूनच गावाने कान टवकारले, कारण सुतार आजवर कधी खिळ्यासाठीसुद्धा ओरडला नव्हता.

"विणकरीणबाई!" तो ओरडला. "तुमच्या मागाचा पाय आखूड आहे!"

खालच्या वस्तीत माणसं भराभर अंगणात आली.

"तो मीच आखूड ठेवतो! दरवर्षी! मला परत यायला मिळावं म्हणून! शहरात जाऊ नका! माझ्याशी लग्न करा!" मग त्याला वाटलं, एवढ्यावर थांबणं बरं दिसत नाही. "पाय लगेच नीट करून देईन!"

तो खाली उतरला तेव्हा त्याचे कान तांबडेलाल झाले होते. आता फक्त दुपार व्हायची होती.

पण त्या दिवशी आभाळ आलं. घळीत ऊन पोचलं नाही, वारा चढला नाही, पानसुद्धा हललं नाही. खालच्या वस्तीत विणकरीण अंगणात उभी राहून हातवारे करताना दिसत होती. तोंडही उघडत होती. आवाजाचा मात्र पत्ता नव्हता.

"हो म्हणतेय," एक जण म्हणाला.

"सतरंजी झटकतेय," दुसरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. सुताराचा जीव टांगणीला लागला. वर्षानुवर्षं आपण तिला फसवलं आणि ते साऱ्या गावासमोर कबूल करून बसलो, या विचाराने त्याला घाम फुटत होता. ताईसुद्धा त्याला बोलायची थांबली, यावरून काय ते समजावं.

तिसऱ्या दिवशी पुलावर एक काळा ठिपका दिसला.

"पूल बंद आहे!" पूलवाले आजोबा कडाडले.

"मग ती कोण?"

आजोबांनी डोळे बारीक केले. "ती पूल बंद असताना येतेय."

विणकरीण फावड्याने बर्फ उपसत येत होती. बरोबर मध्यावर ती थांबली, फावडं बर्फात रोवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नाही म्हणायला कुणी एवढा बर्फ उपसतं का?" कुणीतरी म्हणालं.

"चिडलेली बाई उपसते," ताई म्हणाली.

सुताराने फावडं घेतलं. आजोबा आडवे आले. "अरे, तुझ्या आजाने, माझ्या आजाने कधी हिवाळ्यात..."

"त्यांची तिथे कुणी वाट पाहत नव्हतं, आजोबा."

बर्फ कमरेएवढाच होता, तोही भुसभुशीत. शेकोटीवरचा चहा उकळून आटायच्या आत अर्धी वाट मोकळी झाली. "एवढंच?" लोक एकमेकांना विचारू लागले. ताईची जिवाभावाची मैत्रीण अशाच एका हिवाळ्यात पलीकडे आजारी पडून गेली होती. तिच्याशी ताई शेवटचं बोलली होती ती याच कड्यावरून, ओरडून. ताईने पदराने डोळे पुसले आणि वाऱ्याला एक सणसणीत शिवी दिली.

शेवटचा ढीग बाजूला झाला. विणकरीण हाताच्या अंतरावर होती. सुताराने सवयीने छाती भरून घेतली आणि घळ दणाणेल असा ओरडला, "माझं बोलणं ऐकू आलं का?"

तिने कानांवर हात ठेवले. "ओरडू नका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी इथेच आहे. दोन दिवस उत्तर देतेय, घसा पार बसला."

सुताराचा आवाज खाली आला. "मागाच्या पायाचं... चुकलंच माझं."

"पहिल्याच वर्षी कळलं होतं मला. वर्षभर पायाखाली चकती घालून विणते मी. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी काढून ठेवते."

सुताराला हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" मागून अख्खी वस्ती ओरडत होती. सगळ्यांत मोठा आवाज ताईचा होता.

"सांगू त्यांना?" त्याने हळूच विचारलं.

"कशाला? येऊन विचारतील," ती म्हणाली. "पूल उघडा आहे."