दुभाजकातली फट

मी दुभाजकातली फट बोलतेय. मोडनिंबच्या अलीकडं, हमरस्त्याच्या ऐन मध्ये मी आहे. दोन्ही अंगांनी गाड्या सुसाट जातात, त्यामुळं घटकाभर स्वस्थता म्हणून नाही.

हे गाव पूर्वी ओढ्याकाठी होतं म्हणे. रस्ता झाला तसा एकेक जण वर सरकला. आधी चहाची टपरी, मग पंक्चरचं दुकान, मग घरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव वाढलं. पुढं रस्ताच वाढला, चौपदरी झाला. बहुतेक घरं अलीकडं राहिली, शाळा आणि चराईचं रान पलीकडं. खालून जायचा बोगदा पार लांब. मग एका सकाळी गावकऱ्यांनी पहारी घालून दुभाजकाचे दगड उपटले. तोच माझा जन्म.

मायाप्पा धनगर रोज माझ्यात हात वर करून उभा राहायचा आणि त्याची बायको फुलाबाई मागून मेंढरं हाकायची. एकदा एका मोटारीला तो हात दिसलाच नाही. मेंढरं चिरडली, मायाप्पाचा पाय मोडला. त्याचं ओरडणं ऐकून मला मिटून जावंसं वाटलं. पण फटीला मिटता कुठं येतं?

आठवड्यानं धनाजीच्या हॉटेलापुढं माणसं जमली. फुलाबाई उभी राहिली.

"ती फट बुजवा."

धनाजी चिडला. "मावशी, येड लागलं व्हय तुमाला? समद्या गाड्या तितनंच वळत्यात. माझं हॉटेल बसंल की! आन् पोरं साळंला कशी जायची? एवढा वळसा कोन घालनार?"

"म्या घालीन. माझं मानूस वाचलं. उद्या कुनाचं पोरगं घावलं, तर तू भरून देनार हायस का?"



दुसऱ्या दिवशी तिनं बाभळीच्या काट्या तोडून माझ्यावर आडव्या टाकल्या. दुपारपर्यंत कुणीतरी त्या ओढून काढल्या. तिनं पुन्हा टाकल्या. असं कितीदा झालं. मेंढरं मात्र ती आता बोगद्यातूनच नेई; मग तिची सून पूनम शेजारच्या दोन पोरांना घेऊन तिच्यामागं निघाली. हळूहळू आणखी आया पोरं पाठवू लागल्या. आता सकाळी मेंढरं आणि दप्तरं एकाच कळपानं जातात. मायाप्पा काठी टेकत पुढं असतो.

तरी मोटारसायकलवाले काट्या सारतातच. ब्रेक करकचले की माझा जीव खालीवर होतो.

साहेबलोकांनो, मला बुजवा. मी हूं की चूं करणार नाही. फक्त येताना या माणसांसाठी इथंच खालून वाट घेऊन या. नाहीतर पहारी गावात अजून आहेत.