नामंजुरीचं कारण

"इथं 'इतिहास' लिही आणि मोकळा हो," व्हर्ना होल्मनं विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीतून अर्ज परत सरकवला. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

ऑर्व्हिल टॅन्डबर्गनं शांतपणे चष्मा पुसला. याकिमा खोऱ्यातल्या सफरचंदांच्या गोदामात वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. नखांतलं ग्रीस विद्यापीठातही सोबत आलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला पाद्री व्हायचं होतं, आणि अभ्यासविषयाच्या रकान्यात त्यानं ठसठशीत लिहिलं होतं: धर्मशास्त्र, पाद्री होण्यासाठी.

झालं! राज्याचा नियम असा, की सरकारी पैशानं धर्माचा अभ्यास खुशाल करा, फक्त श्रद्धेपोटी करू नका. व्हर्ना सव्वीस वर्षं या खिडकीत बसून असे अर्ज नामंजूर करत आली होती. हात कधी अडखळला नव्हता.

आज अडखळत होता. तिच्या आणि ऑर्व्हिलच्या चर्चला दोन वर्षं पाद्री नव्हता. रविवारी ज्याची पाळी येई तो प्रवचन करी. मागच्या खेपेला विमा एजंट उभा राहिला आणि नोहाच्या प्रलयावरून घसरत घसरत गारपिटीच्या विम्यावर आला. आपल्यातला कुणी शिकायला गेला तर थांबू, नाहीतर ईस्टरनंतर कुलूप, असं चर्चच्या वरिष्ठांकडून पत्र आलं होतं. आणि फी भरायची ऑर्व्हिलची ऐपत नव्हती. व्हर्ना तिथं तीस वर्षं ऑर्गन वाजवत होती.

"पाद्री झालास की कबुली दे की. देव काय, तुला ओळखतो."

"देवाचं मी बघतो, मिसेस होल्म. पण सात वर्षांचा असताना मी बिस्किट खाऊन खाल्लं नाही म्हणालो, तेव्हा रविवारच्या शाळेत मला कोपऱ्यात कुणी उभं केलं होतं?"

"तेव्हा मला अक्कल कमी होती."

"अख्खा तास उभा होतो."

"बिस्किट माझं होतं म्हणून."

ऑर्व्हिल हसला आणि अर्ज खिडकीतच ठेवून पाणी प्यायला गेला. तेवढ्यात व्हर्नानं खणातून व्हाइटनर काढलं, रकाना पांढरा केला, फुंकर मारली आणि 'इतिहास' लिहून टाकलं. आयुष्यातली पहिली लबाडी, तीही वेडीवाकडी.

तो परत आला. अर्जाकडे बघितलं. काळ्या नखानं तो पांढरा थर खरवडू लागला.

"ओलं आहे अजून," तो म्हणाला.

"चर्च जाईल रे, ऑर्व्हिल."

"माहितीय." खालचं 'धर्मशास्त्र' मळकट होऊन पुन्हा वर आलं. "या रविवारी माझी पाळी आहे. तुम्ही वाजवाल ना?"

"वाजवीन. नवीन गाणी मात्र सांगू नकोस."

तो गेला. व्हर्नानं नामंजुरीचा शिक्का उचलला, नेहमीसारखा सरळ मारला. खाली कारणाचा रकाना होता. तिथं ती सव्वीस वर्षं कलमाचा आकडा लिहीत आली होती. आज तिनं लिहिलं: 'अर्जदाराला मी खोटं लिहायला सांगितलं होतं. त्यानं लिहिलं नाही.'

मग सही केली. तिची सही वाचता येत नाही अशी साहेबांची कायमची तक्रार होती, म्हणून शेजारी सुवाच्य अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं.