जंगलाचा पडदा

मंडई नऊ दिवसांवर आली होती आणि पडद्यावर अजून एकही झाड नव्हतं.

पडदा वीस फूट लांब आणि बारा फूट उंच होता. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेला, सरस आणि खडूच्या लेपाने ताठ झालेला. दिवाळीच्या सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेच्या मोठ्या खोलीत तो भिंतीला बांधला होता. समोर बाकावर परसराम उभा होता. उजव्या हातात कुंचला होता आणि ते मनगट त्याने डाव्या हाताने घट्ट धरलं होतं.

साल १९८१. मोहाडीपासून सहा मैलांवरच्या जांभूळटोल्यात दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी नाटक होई. या वर्षीचं नाटक वनवासाचं होतं. तीन अंकांपैकी दोन जंगलात घडत होते आणि मंडळाचा जंगलाचा जुना पडदा पावसाळ्यात उधईने खाल्ला होता. राजवाडा, रस्ता, झोपडी, मंडळाचे सगळे पडदे अठरा वर्षांपासून परसरामच रंगवत आला होता. एरवी तो दोन एकर धानाचा शेतकरी. पडद्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्याचा हात श्रावणात थरथरू लागला होता. आधी फक्त चहाची बशी वाजायची. मग विडी पेटवताना काडी विझू लागली. अशक्तपणा असेल म्हणून त्याने महिनाभर दूध प्यायलं. हात तसाच राहिला. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

थरथरत्या हाताने जी कामं होतात ती त्याने आधी उरकली. खडूत बुडवलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. असे फूटभराचे चौकोन त्याने सगळ्या पडद्यावर पाडले. रुंद कुंचल्याने आभाळ भरलं. पाचव्या दिवशी कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून पहिलं खोड काढायला घेतलं. रेघ अळीसारखी वळवळत वर गेली. त्याने ओल्या फडक्याने ती पुसली. सहाव्या दिवशी आणखी दोनदा पुसली. फडक्याला लागलेला रंग पडद्यावरच्या रंगापेक्षा जास्त झाला.

त्याच दिवशी दुपारी मंडळाचे अध्यक्ष भय्याजी आले. वय अठ्ठावन्न. नाटकाआधी पडद्याच्या दोरीलाही नारळ फोडणारा माणूस. परसराम घाईने दारात येऊन आडवा उभा राहिला. उजवा हात त्याने दुपट्ट्यात गुंडाळून घेतला होता.

"झाडं लागली का गा?"

"लागून राहिली जी."

"पाहू दे."

"अर्धा पडदा पाहू नये, भय्याजी."

"हे कधीपासून? राजवाड्याच्या वक्ताले तर मी इथंच बसून चहा पेत होतो."

परसरामने दुपट्टा हाताभोवती आणखी आवळला. मग तोंडातून आपोआप निघालं, "राजवाड्याचं वेगळं. जंगलाच्या पडद्यात वनदेवी राहाले येते. पुरा होईपर्यंत कोणाची नजर नाई पडली पाय्जे. अन् पाय तर लागूच नये."

भय्याजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून दिसणाऱ्या निळ्या पट्टीकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन त्यांनी चपला काढल्या.

"आधी सांगाचं ना बापा. पण मंडईच्या तीन दिवस आधी मले पडदा बांधून पाहायचा आहे. नाई झाला तर पवनीचा रंगारी बोलावतो. मग तुले वाईट वाटू देऊ नको."

"नाई वाटणार जी."

हातात सहा दिवस होते.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मंदाबाईने शाळेच्या उंबरठ्याजवळ झेंडूची फुलं आणि दिवा ठेवला. परसराम दिवा ओलांडून आत गेला आणि त्याने कडी लावली. नाटकातला गमत्या कवडू येताजाता बाहेरून ओरडू लागला, "वनदेवी, बाहेर ये वो माय! परसरामभाऊची भाकर थंडी होऊन राहिली!" आत परसराम रेघ ओढत होता आणि पुसत होता. दार बंद असल्याने खोलीत सरसाचा वास कोंडला होता. पवनीचा रंगारी एका दिवसात पडदा उरकतो असं त्याने ऐकलं होतं. पण एक पडदा जाण्याचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. रंगारी आला की आपल्या हातातून रंग गेला हे उघड होणार आणि एकदा उघड झालं की ते खरं होणार, असं त्याला वाटत होतं.

असे तीन दिवस गेले.

चौथ्या सकाळी आभाळ भरून आलं. तो शाळेकडे निघाला होता, तेवढ्यात धुरपता, त्याची बायको, दोन विळे घेऊन आडवी आली.

"आयकलं का? हलकं धान अर्ध्या बांधीत उभंच आहे. पाणी आलं तर सारं लोळन. चला."

"पडदा आहे मले."

"पडदा शाळेत आहे. त्याले का पाणी लागते?"

विळा हातात घेताना त्याला भीती वाटली. डाव्या मुठीत धानाचं चूड धरायचं आणि उजव्या हाताने पातं मुठीच्या दोन बोटं खालून ओढायचं. हात चुकला तर करंगळी जाणार. पहिली दहा-बारा चुडं त्याने जीव मुठीत धरून कापली. मग बाजूला धुरपताचा विळा चर्र चर्र वाजत होता, त्याच्या चालीवर त्याचे पाय पडू लागले. चूड, ओढ, पाऊल. चूड, ओढ, पाऊल. कापलेलं धान मागे पसरत गेलं. आभाळाकडे त्याने पाहिलं नाही. बांधीचं खाचर कापून संपलं तेव्हा त्याला कळलं की उन्हं डोक्यावर आली आहेत आणि ढग केव्हाचे पांगले आहेत.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून धुरपताने त्याला लोटा दिला. पाणी हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं. त्याने लोटा पटकन खाली ठेवला.

"लपवू नका," धुरपता म्हणाली. "श्रावणापासून माहीत आहे मले. बशी वाजते तुमची."

"मग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलले का?"

ती त्याची डावी मूठ उघडून बोटं पाहत होती. एकेक बोट तिने दाबून पाहिलं.

"इतका वेळ विळा चालवला, खरचटलंही नाई. विळ्याले नाई थरथर, अन् लोट्याले कशी?"

परसराम उभा राहिला. हात पुढे धरला. तो थरथरत होता. मग तो धुऱ्यावरून चार पावलं चालला. हात स्थिर होता. थांबला. तीन-चार श्वासांनंतर बोटं पुन्हा हलू लागली. त्याने हे तीनदा करून पाहिलं. चौथ्या वेळी त्याचे पाय नुसते चालले नाहीत. दोन पावलं पुढे, अर्धं मागे, गुडघा मोडून गिरकी. विशीत तो गावच्या दंडारीच्या नाचात सगळ्यांच्या पुढे असायचा. ही चाल पायांना अजून पाठ होती.

"काय नाचून राहिले जी, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. बैल हाकाची तुतारी कोठी आहे?"

"आता ना बैल जुंपाचे, ना बंडी हाकाची, तुतारी कायले?"

दुसऱ्या दिवशी गाव कापणीला गेल्यावर दोघांनी पडदा चादरीत गुंडाळून बैलबंडीने खळ्यावर आणला. खळं तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं, सारवून वाळलेलं. पडदा तिथे पसरला. तुतारीच्या लांब काठीच्या टोकाला परसरामने कुंचला बांधला. धुरपताने तीन दगडांच्या चुलीवर रंगाची मडकी ठेवली, कारण सरस थंड झाला की रंग गोठतो.

सगळी तयारी झाली आणि परसराम पडद्याच्या काठाशी उभा राहिला. भिंतीसमोर चालत रंगवता येत नाही. चालायचं तर पडद्यावर पाय द्यावा लागणार. वनदेवीची गोष्ट त्याने स्वतः रचली होती, ती खोटी आहे हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं. तरी पाय उचलेना. मंदाबाई पाच दिवस दिवा लावत होती. हात थरथरायला लागला, मग खांदा.

शेवटी त्याने पाय धुतले, पुसले, आणि आत पाऊल टाकलं.

पहिलं खोड आठ पावलांचं झालं. खालून वर जाताना तो थांबला नाही आणि रेघही थांबली नाही. कॅलेंडर घरीच राहिलं होतं. मान वर केली की समोर पाळीवरचा मोह दिसत होता. वाकडा, एका फांदीने तळ्यावर ओणवलेला. त्याने तोच काढला. मग त्याच्यामागचे पळस आणि त्यांच्यामधून दिसणारं पाणी. अळ्यांसारख्या रेघा, पुसलेले डाग, पवनीचा रंगारी, सगळं मागे राहिलं. पाय पुढे पडत, तुतारी वळे आणि पानं येत. धुरपता मडकी बदलून देत होती. मडकं पुढे यायचं तेव्हा ते त्याला हव्या त्या रंगाचंच असायचं. एकदा ती म्हणाली, "हसून राहिले तुमी." त्याला ते माहीत नव्हतं.

"परसराम!"

पाळीवर भय्याजी उभे होते. सोबत शेजारच्या गावच्या मंडळाचा टेकचंद. शाळेचं दार सताड उघडं आणि भिंत रिकामी दिसली म्हणून भय्याजी शोधत आले होते. परसराम पडद्याच्या मधोमध होता, दोन्ही पाय आभाळावर.

"पायाने तुडवून राहिला? तूच सांगितलं ना, पाय लागू नये म्हणून! वनदेवी कोपली तर?"

परसराम थांबला आणि हात हलू लागला. तुतारीच्या टोकाचा कुंचला आभाळावर हिरवे ठिपके टाकू लागला. त्याने तुतारी बाजूला टाकली आणि हात पुढे केला.

"वनदेवी नाई जी. मी खोटं बोललो. हा हात पाहा. उभा राहिलो की असा होते. श्रावणापासून. भिंतीवर झाड निघत नव्हतं, म्हणून तुमाले आत येऊ दिलं नाई."

भय्याजी खाली उतरले. हाताकडे बराच वेळ पाहत राहिले.

"चालून दाखव."

परसराम चालला. हात स्थिर झाला. टेकचंद तोंड उघडं टाकून पाहत होता.

"म्हणजे देवी-बिवी काहीच नाई?"

"नाई जी."

"अबे, मी पाच दिवस त्या व्हरांड्यात अनवाणी चढून राहिलो! काटा रुतला माझ्या पायात!" भय्याजींचा आवाज चढला. धुरपताने चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. भय्याजींनी एकदा मोहाकडे पाहिलं, पाळीवरच्या, आणि मग पडद्यावरच्या. नंतर हळू आवाजात म्हणाले, "मंदाबाईले सांगू नको. तिचा दिवा राहू दे. किती बाकी आहे?"

"अर्धं."

"मग थांबला काहून? चाल."

ठरलेल्या दिवशी दुपारी नाटकाच्या मांडवात पडदा बांधून वर ओढला. आभाळातले हिरवे ठिपके मिटवायचे राहून गेले होते. दुरून ते पोपटांचा थवा वाटत होते. खाली मुळांपाशी मात्र एक उजवं पाऊल मातकट रंगात स्वच्छ उमटलं होतं. भय्याजींच्या ते लक्षात आलं. मंदाबाई पुढे झाली आणि तिने त्या पावलाला हात जोडले. परसरामने मान दुसरीकडे वळवली.

कवडूने पडद्यासमोर उभं राहून नीट पाहिलं.

"हा तर पाळीवरचा मोह! राम चौदा वर्षं आपल्याच गावात राहिला अन् आपल्याले पत्ता नाई!"

सगळे हसले. परसरामही हसला. तो खांबाला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर थरथरत होता. तो दुपट्ट्याखाली घ्यावा असं एकदा त्याच्या मनात आलं, पण दुपट्टा घरी राहिला होता.

टेकचंद त्याच्याशेजारी येऊन बसला. त्याने हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आमच्याही गावाले एक पाय्जे होता गा. नदीचा. जमन का?"

हात असाच राहणार की थरथर वाढणार हे परसरामला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी पाय कसे असतील हेही माहीत नव्हतं.

"तुमच्याकडचं खळं केवढं आहे?" त्याने विचारलं.