दुरुस्तीच्या नावाखाली

लातूरहून धम्मानंदचा फोन आला, तेव्हा ज्योत्स्ना नांदेडच्या तंत्रनिकेतनात प्रॅक्टिकल घेत होती.

"जय भीम, ताई. निरोप उघडंना गेलाय. अपडेट आलं अन् बंदच पडलं."

'निरोप' हा तिनं आणि सुदर्शननं कॉलेजात असताना केलेला ईमेलचा प्रोग्राम. तो टेक्स्ट एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या साध्या प्रोग्रामच्या, आतच चालायचा. मेल तिथंच यायची, तिथंच वाचायची, तिथंच उत्तर लिहायचं. वापरणारे थोडेच होते, पण त्यांत दृष्टिहीन माणसं बरीच. एडिटरमधली ओळ न् ओळ संगणक त्यांना वाचून दाखवायचा. धम्मानंद त्यांच्यातलाच, एका सरकारी कार्यालयात लिपिक. त्याच्या संगणकावर एडिटरची जुनी, सव्वीस नंबरची आवृत्ती होती, कारण मराठी वाचणारा आवाज तिच्यावरच चालायचा.

"निरोपची कुठली आवृत्ती आली?" तिनं विचारलं.

"दोन-चार-एक."

ज्योत्स्नाला पटेना. आकड्यांचा नियम त्या दोघांनीच ठरवला होता. जुनं काही मोडणार असेल तर पहिला आकडा बदलायचा, नवी सोय आली तर मधला. शेवटचा आकडा फक्त दुरुस्तीचा, म्हणून तेवढंच अपडेट न विचारता आपोआप बसायचं. पहिला आकडा बदलायचा तर दोघांचीही संमती लागायची.

तिनं नव्या आवृत्तीची फाइल उघडली. आत लिहिलं होतं, एडिटर किमान एकोणतीस नंबरचा हवा. डाउनलोडच्या पानावर मात्र अजून सव्वीसच होतं.

सुदर्शन नांदेडजवळच्या लोह्याचा, आता पुण्यात एका कंपनीत. तिनं लगेच फोन लावला.

"हाव, मीच केलं," तो म्हणाला. "जुन्याचं ओझं किती दिवस वाहायचं? निम्मा कोड कमी झालाय, बघ तरी."

"मग तीन-शून्य म्हणून काढायचं होतंस."

"तीन म्हटलं की तू अडवलं असतंस."

"म्हणजे मोडणार हे तुला माहीत होतं."

"चालवून बघितलं होतं की सव्वीसवर. नाही उघडत. पण सव्वीस वापरतंय कोण आता?"

ज्योत्स्नानं फोन ठेवला. चूक झाली असती तर तिनं दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं. ही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती निरोपची आधीची आवृत्ती बसवायला लातूरला, धम्मानंदच्या कार्यालयात गेली. धम्मानंदच्या शेजारच्या टेबलावरचा बजरंग तिला पाहून हसला.

"बरं झालं आलात, मॅडम. नाहीतर देगलूरच्या पाहुणीची पत्रं मलाच वाचावी लागली असती. लई गोड लिहिती."

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. धम्मानंद मान खाली घालून बसला होता.

चहाला बाहेर पडल्यावर त्यानं हळूहळू सांगितलं. देगलूरच्या महामायाचं स्थळ आलं होतं. दोघांच्या घरी सदा माणसांचा राबता, फोनवर मोकळं बोलता येईना, म्हणून ती त्याला कार्यालयाच्या पत्त्यावर मेल लिहायची. तो पत्ता कार्यालयाबाहेर उघडत नसे. निरोप बंद पडल्यावर साहेबांची काही तातडीची मेल आहे का, एवढंच बघायला त्यानं बजरंगला सांगितलं होतं. बजरंगनं महामायाची मेल उघडली आणि सगळ्यांसमोर, आवाज बारीक करून, शेवटपर्यंत वाचली.

"थांब म्हणालो, ताई. थांबला न्हाई."

ज्योत्स्नानं चहा तसाच ठेवला. बजरंगची किळस आलीच, पण त्याच्याइतकीच सुदर्शनचीही आली.

चहाहून परत येऊन तिनं त्याच्या संगणकावर आधीची दोन-चार-शून्य बसवली आणि आपोआप होणारं अपडेट तूर्त बंद केलं. आवाज सुरू झाला. धम्मानंदनं कानाला हेडफोन लावले आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"आली का मेल?"

"आली," तो म्हणाला. "पण बजरंगच्याच आवाजात ऐकू यायली."

नांदेडला आल्यावर तिनं जुना कोड आणि किमान सव्वीसची जुनी अट परत लावून दोन-चार-दोन काढली, झालं ते सगळं नावनिशी न देता वापरणाऱ्यांच्या गटावर लिहिलं आणि सुदर्शनचा आवृत्ती काढायचा हक्क काढून घेतला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"एका माणसासाठी एवढं?"

"एका माणसाला तू काय केलंस, ते विचारलंस का?"

"सांग ना मग."

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "ते त्या बजरंगनं केलं. त्याचा अन् व्हर्जनचा काय संबंध?"

त्यानं धम्मानंदला मेल मात्र पाठवली. 'आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' कंपनीचं साचेबंद वाक्य. केलं एकट्यानंच, तरी 'आहोत'.

मेल चारचौघांत वाचली गेल्याचं महामायाला कळलं. तिनं लग्नाला होकार दिला, पण पुन्हा मेल लिहिली नाही.

सुदर्शनचं काम ज्योत्स्नानं पुढं तीन-शून्य म्हणून रीतसर काढलं, एडिटर किमान एकोणतीस लागेल ही ओळ सगळ्यात वर ठळक लिहून. ते खरोखर वेगवान होतं. गटावर लोकांनी सुदर्शनचं कौतुक केलं, त्यानं हात जोडल्याची चित्रं टाकून आभार मानले. ज्योत्स्नानं ते वाचलं आणि उठून हात धुऊन आली.