उपाशीपोटी यावे

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-तारे बघणारी माझी बहीण वेगळी. तिला लोक हौसेने डोळा लावतात. मी पोटात उतरणारी. माझं नाव काढलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. तो गोळा मी पुष्कळ शोधला, आजवर कुठेच सापडला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसं नखशिखांत पांढरे कपडे घालून, श्वाससुद्धा बेताने घेत काम करायची. त्यांनी मला करंगळीएवढी जाड, काळीभोर आणि हवी तशी वळणारी केली. टोकाला दिवा आणि कॅमेरा दिला, अंगातून एक बारीक बोगदा काढला, चिमटा नाहीतर फुगा आत सोडायला. मग पेटीत बसून मी इथे आले, पोटाच्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली.

इथे रोज तेच नाटक. दारावर पाटी आहे, 'उपाशीपोटी यावे'. डॉक्टरबाई तरी विचारतातच, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"छे, काहीच नाही. फक्त चहा."

चहाबरोबरची बिस्किटं मला आत भेटतात. एका गृहस्थांनी आपला खोटा दात सुनेने केरात टाकला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. तो मी त्यांच्याच जठरातून चिमट्याने धरून वर आणला. सुनेने तो धुऊन, डबीत घालून, सगळ्यांसमोर सासऱ्यांच्या हातात दिला. मला अशी कामं फार आवडतात.

मग एके दिवशी मोटार शिकवणारे मास्तर आले. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेले. सोबत बायको. डॉक्टरबाईंनी मास्तरांना काही विचारायच्या आधीच ती सुरू झाली.

"घरात जेवत नाहीत हो. दोन घास खातात की उठलेच. बाहेर त्या शिकाऊ पोरांबरोबर चरत असणार. माझ्या हातचं आता गोड लागत नाही यांना."

मास्तर म्हणाले, "बाहेर काही खात नाही मी." पण असं म्हणाले की कुणालाही खोटंच वाटावं.

घशावर फवारा मारला, डाव्या कुशीवर निजवलं, तोंड उघडं राहावं म्हणून दातांत कडी बसवली आणि मी निघाले. अजून जठर लांबच होतं, अन्ननलिकेतच माझी वाट अडली. समोर भात, बटाट्याच्या फोडी, वाटाणे. पंगत बसली होती म्हणा ना! डॉक्टरबाईंनी मला तसंच मागे ओढलं. हे अन्न श्वासनलिकेत गेलं असतं तर मास्तरांच्या जिवावर बेतलं असतं.

"मास्तर, पाटी वाचली नाहीत का? जेवून आलात."

"नाही हो. कालपासून पाणीसुद्धा नाही."

बायकोने नुसता डोळ्यांना पदर लावला. भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला तिने चंगच बांधला. आदल्या दिवशी मास्तरांना गाडीवर जाऊ दिलं नाही. नुसती पेज दिली. स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि रात्रभर त्यांच्या उशाशी पहारा दिला. सकाळी डॉक्टरबाईंपुढे येऊन छाती ठोकून म्हणाली, "आज मी साक्षीला आहे. बघा खुशाल."

मी आत गेले. पेजेची शितं होती, आणि त्यांच्या सोबतीला मागच्या खेपेचा एक वाटाणा.

डॉक्टरबाईंनी ते सगळं सावकाश ओढून काढलं, पाणी मारून वाट धुतली आणि मला खाली नेलं. जठराचं दार घट्ट मिटलेलं होतं. घास गेला की ते आपोआप उघडायला हवं. मास्तरांचं उघडतच नव्हतं. मी हलकेच रेटलं, तशी आत गेले. कुठे गाठ नाही, जखम नाही. तरी डॉक्टरबाईंनी चिमट्याने एक कण तपासायला घेतला.

"मास्तर, चुकलं माझं," मास्तर उठून बसल्यावर त्या म्हणाल्या. "तुम्ही उपाशीच होतात. खाल्लेलं खाली उतरतच नाही तुमचं."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. "मग पानावरून उठत होतात ते?"

"घास वर यायचा गं. आपल्या मुलांसमोर कसं... माझे वडील असेच वाळत वाळत गेले. म्हटलं, तेच असणार. तुला कशाला सांगू?"

"मला नाही तर कुणाला सांगणार होतात?" असं म्हणून ती रडली, आणि रडता रडता त्यांच्या शर्टाचं चुकीच्या काजात घातलेलं बटण नीट लावू लागली.

कण निर्दोष निघाला. आणखी एक-दोन तपासण्या झाल्या आणि मला पुन्हा बोलावणं आलं. फुगा त्या दारात नेमका बसवायचा होता, वाट दाखवायला मी. बाहेरून हवा भरली, फुगा फुगला आणि अडून बसलेलं दार सैल झालं. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता माझं वय झालंय. कातडीला सुरकुत्या पडल्यात, मान पूर्वीसारखी वळत नाही. कपाटात शेजारी एक नवी तरणी दुर्बीण टांगलीये. तिला फार नीट दिसतं म्हणे. दिसू दे. माझं एवढंच मागणं आहे, की माझ्याकडे आलात तर डॉक्टरांना खरं सांगा, आणि घास अडत असेल तर ते घरच्यांना माझ्याआधी कळू द्या.

परवा मास्तर दाखवायला आले होते. शर्ट आता त्यांचाच वाटत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवण कसं चाललंय?"

उत्तर बायकोने दिलं. "काल म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे." आणि ती इतकी खूश होती, की हे सांगताना तिला हसू आवरेना.