शुक्र खाली उतरवा

माणसावर चोरीचा आळ येतो, चहाडीचा येतो. कवळीताईवर शुक्र ग्रह उडवल्याचा आळ आला होता, आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

ताई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि गिऱ्हाइकाच्या उरल्यासुरल्या दातांशी नव्या दातांचा रंग जुळवणं. पांढऱ्याच्या किती जाती असतात हे एक तिला ठाऊक आणि एक दूधवाल्याला. संध्याकाळी घरी आली की हातातली पिशवी वहिनीकडे टाकून ती थेट गच्चीवर जायची आणि नुसत्या डोळ्यांनी ग्रह बघत बसायची. लुकलुकतो तो तारा, स्थिर जळतो तो ग्रह, एवढं शाळेतलं. पुढचं तिने धंद्यातून आणलं होतं. शुक्र जाहिरातीतल्या दातासारखा पांढराशुभ्र. गुरू जरा पिवळट, चाळिशी गाठलेला. शनी चहाबाज. मंगळ म्हणजे सरळ हिरडीच. दिवसातला तेवढाच वेळ तिच्यासमोर कुणी आ वासून बसलेलं नसायचं, म्हणून गच्चीची चावी ती जिवापाड जपायची.

इमारतीचे अध्यक्ष निवृत्त लिफ्ट-तपासनीस होते. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला परवाना लागतो, ही त्यांची श्रद्धा. एका संध्याकाळी न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांना पश्चिमेला झगझगीत दिवा दिसला. हलेना, लुकलुकेना. त्यांनी टॉवेल घट्ट केला आणि सभा बोलावली.

"ड्रोन आहे. कॅमेऱ्याचा. मला आंघोळ करताना बघतोय."

"तुम्हाला?" तळमजल्यावरची शिंपीणकाकू म्हणाली. "कुणाला एवढी हौस?"

"अहो, शुक्र आहे तो," ताई म्हणाली.

"शुक्राची चांदणी पहाटे असते," अध्यक्ष म्हणाले. "माझी आई त्या चांदणीवर उठायची. संध्याकाळची शुक्राची चांदणी ऐकलीय कुणी?"

कुणीच ऐकली नव्हती.

"तो कधी संध्याकाळी दिसतो, कधी पहाटे."

"म्हणजे दोन पाळ्यांत कामाला आहे?"

सभा खो खो हसली. हसणं थांबल्यावर अध्यक्षांनी हुकमाचं पान टाकलं. "मी पाळत ठेवलीय. या बाई वर गेल्या की दिवा लागतो. खाली आल्या की दिवा गायब!"

"तो मावळतो म्हणून मी खाली येते!"

"तुमचं बरोबर आहे. फक्त उलटं आहे."

ताईचा दादा भांडण दिसलं की आधी चपला शोधणारा माणूस. त्याने तोडगा काढला: उद्या ताई वर जाणारच नाही, अध्यक्षांच्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर बसेल, मग बघा दिवा दिसतो का. दुसऱ्या दिवशी ताई सोफ्यावर बसली. सगळे खिडकीला चिकटले. आणि पश्चिमेला असे ढग आले, जसे काही अध्यक्षांनीच मागवले होते. दिवा नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख. ताई रागारागात वर गेली आणि दिवा हजर. फाशी द्यायलासुद्धा इतका पुरावा लागत नाही.

"खोटारडेपणा पुरे," अध्यक्ष म्हणाले. ताईला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की ज्या दातांनी तो माणूस तिला खोटारडी म्हणत होता, ते वरचे दात तिनेच घडवलेले होते. इतके सुबक, की शिवीसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती. "दिवा खाली उतरवा. नाहीतर गच्चीची चावी द्या."

"उतरवेल ती," दादा घाईने म्हणाला. "महिनाभरात."

घरी येताच ताई कडाडली. "काय उतरवणार मी? दोरी बांधलीय का त्याला?"

"अगं, तूच म्हणालीस ना, तो रोज खाली खाली सरकतोय, सूर्याच्या उजेडात दिसेनासा होणार म्हणून? मग आपल्या बापाचं काय जातंय?"

"माझी अब्रू जातेय!"

"आणि चावी राहतेय."

"एवढा मोठा ग्रह," वहिनी म्हणाली, "त्याला काही वाटत नाही, तुम्हाला का वाटावं?"

ताई गप्प बसली. पण ते गप्प बसणं चुकीच्या मापाच्या कवळीसारखं तिला टोचत राहिलं. शुक्र रोज थोडा थोडा खाली जात एकदाचा दिसेनासा झाला. अध्यक्षांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "शब्द पाळलात, ताई. तुमच्यासारखी माणसं हवीत." शिव्या बऱ्या होत्या, असं तिला वाटलं.

मग काही दिवसांनी एका पहाटे अध्यक्षांनी दारं ठोठावून सगळ्यांना गच्चीवर नेलं. पूर्वेला, अजून सूर्य यायचा होता तिथे, पांढराशुभ्र दिवा जळत होता.

"ही बघा! ही खरी शुक्राची चांदणी. काय तेज आहे! ताई, शिकून घ्या. आणि आठवा तुमचं ते खेळणं."

शिंपीणकाकू हरखून बघत होती. दादाने ताईला कोपर मारलं. "हो म्हण. शुक्रच आहे ना? मग हो म्हण आणि झोपायला चल."

"हो, शुक्रच आहे," ताई म्हणाली. दादाने श्वास सोडला. "आणि तोच आहे. तुमच्या न्हाणीघराबाहेरचा. पांढरा रंग ओळखण्यात माझी हयात गेली, मला सांगू नका. मी काहीही उतरवलं नव्हतं. दादा खोटं बोलला आणि मी बोलू दिलं."

अध्यक्षांनी चांदणीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग पुन्हा चांदणीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काळवंडला.

"म्हणजे परत उडवलात! आणि तेही या बाजूला? इकडे माझी झोपायची खोली आहे, बाई!" त्यांनी हात पुढे केला. "चावी."

ताईने कमरेची चावी सोडून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि कठड्यापाशी खुर्ची ओढून बसली.

"खाली चला. मला कुलूप लावायचंय."

"लावा की. चावी वर यायला लागते. मी आलेलीच आहे."

अध्यक्ष कुलूप हातात घेऊन दाराशी उभे राहिले. लिफ्टमध्ये माणूस अडकल्यावर काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. गच्चीत अडकायला बसलेल्या बाईचं काय करायचं, ते कुठल्याच नियमात नव्हतं.

"वन्सं," वहिनीने जिन्यातून हाक मारली, "चहा वर आणू का?"

"आण," ताई म्हणाली. "आणि माझी शाल पण."